शुक्राणूवरचं एखादं प्रोटीन खरंच गरजेचं आहे का, हे पेपर वाचताना कसं ओळखायचं

स्पर्म आणि एग एकत्र कसे येतात यावर वाचायला घेतलं की आधी नावांचाच मारा होतो. अॅक्रोसिन, फर्टिलिन, पीएच-२०, एसपी-५६, अॅडम-३, इझुमो-१, स्पाका-६, टीमेम-९५, आणि प्रत्येकाच्या पुढे कुठे ना कुठे लिहिलेलं असतं की हे फर्टिलायझेशनसाठी अत्यंत महत्त्वाचं आहे. यातल्या बऱ्याच नावांचं महत्त्व नंतर गळून पडलं, पण जुनी पुस्तकं, नोट्स आणि इंटरनेटवरच्या आकृत्या मात्र तशाच राहिल्या, त्यामुळे नव्याने शिकणाऱ्याचा पार गोंधळ उडतो. म्हणून ही यादी पाठ करायच्या भानगडीत न पडता, समोर आलेला दावा तपासायचा कसा ते लिहितोय. बायोलॉजीचं बेसिक माहीत असेल तर एवढं पुरेल.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं बसवा. प्रोटीन स्पर्मवर आहे, ते एगला चिकटतं, आणि त्याच्यावाचून फर्टिलायझेशन होत नाही, ही तीन वेगवेगळी वाक्यं आहेत आणि तिघांना वेगवेगळा पुरावा लागतो. पेपरच्या टायटलमध्ये तिसरं वाक्य असतं आणि आत फिगरमध्ये पुरावा पहिल्या नाहीतर दुसऱ्या वाक्याचाच असतो, असं फार वेळा दिसतं.

आधी टप्पा विचारा

"फर्टिलायझेशनमध्ये भूमिका" हे वाक्य वाचलं की लगेच विचारायचं, कुठल्या टप्प्यावर? कारण सस्तन प्राण्यांमध्ये हा प्रवास लांबलचक आहे. टेस्टिसमधून बाहेर पडलेला स्पर्म एपिडिडिमिसमध्ये पिकतो, मादीच्या शरीरात गेल्यावर युटेरसमधून फॅलोपियन ट्यूबमध्ये शिरताना मधे एक अरुंद जागा लागते तिला युटेरोट्यूबल जंक्शन म्हणतात, तिथून पुढे एगभोवतीचा क्युम्युलस पेशींचा चिकट थर, मग झोना पेल्युसिडा नावाचं जाड कवच, मग झोना आणि एग यांच्यामधली छोटी पोकळी, मग एगच्या मेंब्रेनला चिकटणं आणि शेवटी दोन मेंब्रेन एकमेकांत मिसळणं म्हणजे फ्यूजन. सरफेसवरचं प्रोटीन यातल्या कुठल्याही ठिकाणी लागू शकतं. नर नापीक झाला एवढ्यावरून ते एगला चिकटणारं प्रोटीन आहे असं अजिबात म्हणता येत नाही, आणि हे पुढे अॅडम-३ च्या गोष्टीत नीट दिसेल.

दुसरी गोष्ट, स्पर्मचा सरफेस स्थिर नसतो. १९५१ मध्ये एम. सी. चँग आणि कॉलिन ऑस्टिन या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे दाखवलं की ताजा स्पर्म लगेच फर्टिलायझेशन करू शकत नाही, त्याला मादीच्या मार्गात काही काळ राहावं लागतं. त्याला कपॅसिटेशन म्हणतात. मेंब्रेनमधलं कोलेस्टेरॉल कमी होतं, बायकार्बोनेट आणि कॅल्शियममुळे आतलं सिग्नलिंग सुरू होतं, शेपटीचा फटका जोरकस होतो. त्यानंतर अॅक्रोसोम रिअॅक्शन होते, म्हणजे डोक्यावरची अॅक्रोसोम नावाची पिशवी फुटते, बाहेरचं मेंब्रेन निघून जातं आणि आतापर्यंत झाकलेलं आतलं मेंब्रेन उघडं पडतं. म्हणजे "स्पर्मचा सरफेस" म्हणताना रिअॅक्शनच्या आधीचा की नंतरचा, हे विचारल्याशिवाय पुढे जायचंच नाही.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण इझुमो-१. ताज्या, न फुटलेल्या स्पर्मवर जिवंतपणी अँटीबॉडी टाकली तर इझुमो-१ दिसतच नाही, कारण ते अॅक्रोसोमच्या मेंब्रेनवर आत दडलेलं असतं. रिअॅक्शन झाली की ते उघडं पडतं आणि सरकून डोक्याच्या मधल्या पट्ट्यापर्यंत, ज्याला इक्वेटोरियल सेगमेंट म्हणतात तिथपर्यंत पसरतं, आणि फ्यूजन नेमकं त्याच भागात सुरू होतं. तर पेपरमध्ये स्टेनिंगचा फोटो दिसला की मेथड्समध्ये जाऊन बघा, पेशी जिवंत होत्या की फिक्स करून डिटर्जंटने मेंब्रेनला भोकं पाडलेली होती. भोकं पाडलेल्या पेशीत अँटीबॉडी आतपर्यंत जाते, मग आतलं प्रोटीनही "डोक्यावर चमकतंय" असं दिसतं आणि लोक त्याला सरफेस प्रोटीन म्हणून मोकळे होतात. शिवाय त्याच स्पर्मचा अॅक्रोसोम शाबूत होता का हे दाखवणारा दुसरा रंग सोबत हवा. माणसाच्या स्पर्मसाठी शेंगदाण्यातलं किंवा वाटाण्यातलं लेक्टिन (साखरेला चिकटणारं प्रोटीन) चमकणाऱ्या डायला जोडून वापरतात, उंदरात तर अॅक्रोसोममध्येच जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रोटीन असलेले उंदीर तयार केलेत, हिरवा रंग गेला की समजायचं रिअॅक्शन झाली. हा दुसरा रंग नसेल तर तो फोटो अर्धवट आहे असं मी तरी समजतो.

अँटीबॉडीवर किती विश्वास ठेवायचा

जुन्या पेपरची रीत साधारण अशी असायची. स्पर्म उंदरात नाहीतर सशात टोचून अँटीबॉडी बनवायच्या, त्यातली एखादी डिशमध्ये टाकल्यावर फर्टिलायझेशन थांबलं की ती ज्या प्रोटीनला चिकटते ते प्रोटीन गरजेचं. फर्टिलिन असंच सापडलं, गिनी पिगच्या स्पर्मवर, आणि त्या काळात ते फार मोठं काम होतं यात शंका नाही. इझुमो-१ चा शोधसुद्धा फ्यूजन थांबवणाऱ्या अँटीबॉडीपासूनच सुरू झाला. म्हणजे अँटीबॉडी टाकाऊ नाही, ती शोधाची सुरुवात आहे, अडचण तेव्हा येते जेव्हा तिलाच शेवट मानलं जातं.

का ते बघा. अँटीबॉडी हा अवाढव्य रेणू आहे. स्पर्मच्या डोक्यावर प्रोटीनं दाटीवाटीने बसलेली असतात, तिथे एकाला अँटीबॉडी चिकटली की शेजारची चार प्रोटीनंही झाकली जातात. अँटीबॉडीला दोन हात असतात त्यामुळे ती स्पर्म एकमेकांना चिकटवून गठ्ठे करू शकते, मग स्पर्म एगपर्यंत पोचतच नाहीत. काही वेळा तर ती प्रोटीनांना एकत्र ओढून अॅक्रोसोम रिअॅक्शन वेळेआधीच घडवून आणते. या तिन्हींत फर्टिलायझेशन कमी होतं, आणि तिन्हींत प्रोटीनची स्वतःची गरज सिद्ध होत नाही. म्हणून अँटीबॉडीचा प्रयोग वाचताना बघा की एकाच हाताचा तुकडा, म्हणजे फॅब, वापरलाय का, स्पर्मला चिकटणारी पण परिणाम न करणारी दुसरी अँटीबॉडी कंट्रोल म्हणून आहे का, आणि अँटीबॉडी टाकल्यानंतर स्पर्म पोहतायत का हे मोजलंय का.

खरी कसोटी जीन काढून टाकल्यावर लागते. १९९४ मध्ये उंदरात अॅक्रोसिनचं जीन बंद केलं. तोवर जवळजवळ सगळे मानत होते की अॅक्रोसिन हा एन्झाइम झोना कापतो आणि त्याच्याशिवाय स्पर्म आत जाऊच शकत नाही. नर व्यवस्थित प्रजननक्षम निघाले! नंतर दिसलं की त्यांच्या स्पर्मना झोना ओलांडायला उशीर लागतो, पण पिल्लं होतात. गॅलॅक्टोसिलट्रान्सफरेज नावाचं झोना ओळखणारं प्रोटीन, तेही काढलं, नर चालले. एसपी-५६ काढलं, चालले. पीएच-२० काढलं, क्युम्युलसच्या पेशी सुटायला वेळ लागला पण नर चालले. आणि क्रिस्पर हे जीन कापायचं तंत्र आल्यावर तर २०१६ मध्ये एका मोठ्या कामात ५४ जीन्स, जी टेस्टिसमध्ये भरपूर असतात आणि उत्क्रांतीत टिकून राहिलीत, एकेक करून काढली आणि एकट्याने कुठलंच नराच्या प्रजननाला आवश्यक नाही असं दिसलं. हा पेपर मला फार मोलाचा वाटतो. नकारात्मक निकाल एवढ्या मोठ्या संख्येने छापले गेले म्हणून किती लोकांचे किती महिने वाचले असतील.

पण इथे उलटी चूकही करू नका. नॉकआउट नर, म्हणजे जीन काढलेला नर, प्रजननक्षम आहे याचा अर्थ प्रोटीन निरुपयोगी असा होत नाही. पिंजऱ्यात एक नर, दोन माद्या आणि स्पर्मचा सुकाळ, अशा परिस्थितीत थोडासा मंद स्पर्मही निभावून जातो. त्याच मादीत सामान्य आणि नॉकआउट स्पर्म एकत्र सोडून स्पर्धा लावली तर फरक उघडा पडू शकतो. शिवाय एकाच घराण्यातलं दुसरं जीन काम उचलून धरत असेल तर दोन्ही एकत्र काढल्याशिवाय काही कळत नाही. म्हणून अशा पेपरवर "एकट्याने आवश्यक नाही" एवढंच लिहून ठेवायचं, "काहीच काम नाही" असं नाही.

नॉकआउटचा पेपर ओळीने कसा वाचायचा

आता समजा नर नापीक निघाला. इथून पुढे घाई करायची नाही, कारण खरा मजकूर इथेच असतो.

आधी समागम होतोय का ते बघा, मादीत व्हजायनल प्लग (समागमानंतर योनीत गोठलेल्या वीर्याची गुठळी) दिसले का हे पेपरमध्ये असलंच पाहिजे, नाहीतर वागण्याचा किंवा हॉर्मोनचा प्रश्न प्रोटीनच्या माथी मारला जातो. मग टेस्टिसचं वजन, स्पर्मची संख्या, आकार, पोहणं. हे सगळं बिघडलेलं असेल तर ते प्रोटीन स्पर्म बनवायला लागतं, एगशी भेट होण्याच्या कामाबद्दल त्यातून काही सांगता येत नाही. हे ठीक असेल तर पुढची पायरी, प्लगनंतर काही तासांनी मादीची ट्यूब उघडून स्पर्म वर पोचलेत का ते बघणं. यासाठी हिरवा अॅक्रोसोम आणि लाल मिडपीस (शेपटीचा डोक्याजवळचा भाग) असलेले उंदीर वापरतात, ट्यूबची भिंत पातळ असते त्यामुळे बाहेरूनच मायक्रोस्कोपखाली रंगीत स्पर्म दिसतात.

अॅडम-३ ची गोष्ट इथे लागू होते. अॅडम-३ नसलेले स्पर्म दिसायला छान, पोहायला छान, आणि डिशमध्ये झोनाला चिकटत नाहीत. साहजिकच वर्षानुवर्षं समज असा की हे झोनाचं रिसेप्टर आहे. पण ट्यूब उघडून बघितल्यावर कळलं की हे स्पर्म युटेरोट्यूबल जंक्शनच ओलांडत नाहीत, म्हणजे झोनाची गाठ पडायचा प्रश्नच येत नाही. त्याहून गंमत पुढे आहे. टेस्टिसमध्ये कॅलमेजिन आणि पीडीआयएलटी नावाची प्रोटीनं असतात, ती स्वतः पिकलेल्या स्पर्मवर जात नाहीत, पण इतर प्रोटीनांची घडी नीट बसवायचं काम करतात. ती काढली की अॅडम-३ स्पर्मच्या सरफेसवर पोचत नाही आणि नर नापीक होतो. पीडीआयएलटी नसलेले हेच स्पर्म, झोनाला न चिकटणारे, क्युम्युलस शाबूत असलेल्या एगबरोबर डिशमध्ये ठेवले तर फर्टिलायझेशन करतात! म्हणजे डिशमध्ये उघड्या झोनाला चिकटणं हा प्रयोगच प्रत्यक्षातल्या गोष्टीशी किती जुळतो यावर प्रश्नचिन्ह आलं. म्हणून आयव्हीएफचा, म्हणजे डिशमधल्या फर्टिलायझेशनचा, आकडा दिसला की लगेच शोधा, एगभोवती क्युम्युलस होता की काढलेला होता. बऱ्याच पेपरमध्ये हे मेथड्सच्या एका ओळीत असतं आणि सगळा अर्थ त्या ओळीवर फिरतो.

कॅलमेजिनवरचा अजून एक प्रयोग मला फार आवडतो. एकाच नराच्या शरीरात सामान्य आणि नॉकआउट अशा दोन्ही पेशी असलेले कायमेरा उंदीर बनवले. एकाच नराचे स्पर्म, एकच वीर्य, एकच मादी, आणि तरी जंक्शनमधून वर गेले ते फक्त सामान्य पेशींपासून बनलेले. म्हणजे वीर्यातल्या द्रवाचा किंवा मादीच्या प्रतिसादाचा प्रश्न नाही, प्रत्येक स्पर्मची स्वतंत्र तपासणी होतेय. कायमेरा का लागला हेही समजून घ्या. जीनची एक कॉपी चांगली, एक बंद असा नर घेतला तर त्याचे सगळेच स्पर्म साधारण ठीक निघतात, कारण बनताना त्या पेशी एकमेकींना पुलांनी जोडलेल्या असतात आणि त्यातून माल वाटला जातो. म्हणून एका कॉपीच्या नरावरून "परिणाम नाही" असा निष्कर्ष कोणी काढला असेल तर तो सोडून द्या.

स्पर्म वर पोचतात, क्युम्युलसमधून जातात, झोना ओलांडतात, आणि तिथेच अडकतात, हे चित्र दिसलं तर मात्र सरसावून बसा. २००५ मध्ये ओसाका युनिव्हर्सिटीतल्या मासारू ओकाबे यांच्या ग्रुपने इझुमो-१ काढलेले उंदीर दाखवले तेव्हा नेमकं हेच चित्र होतं. माद्या प्रजननक्षम, नर पूर्ण नापीक, स्पर्म दिसायला आणि पोहायला सामान्य, झोना पार करतात आणि आतल्या पोकळीत एकावर एक साठतात. झोनाचं कवच काढून एग उघडं केलं तरी फ्यूजन नाही. स्पर्म सुईने थेट एगमध्ये टोचला तर मात्र सगळं नीट, पिल्लं जन्माला येतात, म्हणजे आतला डीएनए आणि आतली यंत्रणा चांगली आहे. आणि शेवटी इझुमो-१ चं जीन परत घातलं तर प्रजननक्षमता परत आली. या पाच गोष्टी ज्या पेपरमध्ये ओळीने आहेत त्या पेपरवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्यातली जीन परत घालायची पायरी लोक आळसाने गाळतात, पण ती नसेल तर शेजारचं जीन चुकून बिघडलं नाही याची खात्री कशी देणार?

अजून एक गोष्ट तपासायची राहते. एक प्रोटीन काढल्यावर बाकीची जागेवर आहेत का? कॅलमेजिनचं वर सांगितलंच. डीसीएसटी-१ आणि डीसीएसटी-२ काढली की स्पाका-६ चं टिकणंच धोक्यात येतं असं २०२१ मध्ये दिसलं. म्हणजे फ्यूजन थांबलं ते डीसीएसटी नाही म्हणून, की त्यामुळे स्पाका-६ गेलं म्हणून, हे वेगळं काढावं लागतं. नॉकआउट स्पर्मचा वेस्टर्न ब्लॉट (कुठलं प्रोटीन आहे-नाही हे पट्ट्यांनी दाखवणारी टेस्ट) पेपरमध्ये शोधा, त्यात इझुमो-१, स्पाका-६, अॅडम-३ यांचे पट्टे आहेत का बघा.

चिकटणं वेगळं, मिसळणं वेगळं

हा भाग नीट वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मायक्रोस्कोपखाली एगच्या मेंब्रेनला चिकटलेला स्पर्म आणि मिसळायला लागलेला स्पर्म सुरुवातीला सारखेच दिसतात. फरक कळायला एक सोपी युक्ती आहे. झोना काढलेलं एग आधी होक्स्ट नावाच्या डायमध्ये ठेवायचं, हा डाय डीएनएला चिकटला की निळा चमकतो. मग एग बऱ्याच थेंबांतून एकामागून एक धुऊन बाहेरचा डाय काढून टाकायचा. आता स्पर्म सोडायचे. जो नुसता चिकटलाय त्याचं डोकं काळंच राहतं. ज्याचं मेंब्रेन एगशी जोडलं गेलं त्याच्यात एगच्या आतला डाय वाहत जातो आणि डोकं निळं पेटतं. एकाच एगवर दहा काळी डोकी आणि दोन निळी असं दिसू शकतं, आणि हे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले असले पाहिजेत. धुणं कमी पडलं तर बाहेरच्या डायनेच सगळी डोकी चमकतात, म्हणून फ्यूजन होऊच शकत नाही असे स्पर्म, उदाहरणार्थ इझुमो-१ नसलेले, कंट्रोल म्हणून सोबत असतील तर उत्तम. झोना कशाने काढला तेही बघा, अॅसिडने काढताना जरा जास्त वेळ झाला तर एगच्या सरफेसवरची प्रोटीनंही दुखावतात.

इझुमो-१ एगवर कोणाला धरतं हे २०१४ मध्ये वेलकम ट्रस्ट सँगर इन्स्टिट्यूटमधल्या एन्रिका बियांची, गॅविन राइट आणि सहकाऱ्यांनी शोधलं. इतकी वर्षं लागली कारण एकटा इझुमो-१ फार हलका धरतो, चटकन सुटतो. त्यांनी अनेक इझुमो-१ एकत्र गुंफून पकड वाढवली आणि मग एगवरचं फोलेट रिसेप्टर-४ सापडलं. नावात फोलेट असलं तरी ते फोलेटला धरत नाही, म्हणून त्याला जुनो हे नवीन नाव दिलं. जुनो नसलेल्या माद्या नापीक असतात. आणि फर्टिलायझेशन झाल्यावर तासाभराच्या आत एग आपल्या सरफेसवरचं जुनो छोट्या पुड्यांमधून बाहेर टाकून देतं, त्यामुळे दुसऱ्या स्पर्मला धरायला काही उरत नाही. बाकी झोनाच्या पातळीवरही अडथळा तयार होतो, एगमधून सुटलेला ओव्हॅस्टॅसिन हा एन्झाइम झेडपी-२ हे प्रोटीन कापतो.

मग इझुमो-१ आणि जुनो भेटले की फ्यूजन होतं का? कल्चरमधल्या पेशींवर इझुमो-१ बसवून त्या एगपाशी नेल्या तर त्या एगला घट्ट चिकटल्या, पण मिसळल्या नाहीत. २०२३ मध्ये एका ग्रुपने इझुमो-१ पेशी जोडूही शकतं असा दावा केला, त्यामुळे यावर वाद चालू आहे. पण एवढं नक्की की उंदरात स्पाका-६, टीमेम-९५, फिंप, सॉफ-१, डीसीएसटी-१, डीसीएसटी-२ यातलं एकही काढलं तर इझुमो-१ असूनही फ्यूजन अडतं. एगच्या बाजूने सीडी-९ हे प्रोटीन हवं, ते नसेल तर मादीची प्रजननक्षमता खूप घटते हे २००० साली एकाच वर्षात तीन ग्रुपनी दाखवलं. म्हणून एखाद्या आकृतीत इझुमो-जुनो ही कुलूप-किल्लीची जोडी दाखवून विषय संपवला असेल तर ती आकृती जुनी आहे असं समजा.

हल्ली अल्फाफोल्डवर, म्हणजे प्रोटीनच्या आकाराचा अंदाज बांधणाऱ्या कम्प्युटर प्रोग्रॅमवर, आधारलेले दावेही येतात, त्यांना कसं तोलायचं याचा नमुना २०२४ च्या कामात आहे. व्हिएन्नातल्या आंद्रेया पाउली यांच्या ग्रुपने कम्प्युटरवर अंदाज घेतला की इझुमो-१, स्पाका-६ आणि टीमेम-८१ हे तिघं मिळून एक गट बनवतात. तिथेच थांबले असते तर तो फक्त अंदाज राहिला असता. त्यांनी टीमेम-८१ झेब्राफिशमध्ये आणि उंदरात काढून बघितलं, दोन्हीकडे नर नापीक झाले, आणि ही प्रोटीनं एकमेकांना खरंच धरतात याचाही वेगळा पुरावा दिला. माशात हा गट एगवरच्या बाउन्सर नावाच्या प्रोटीनला धरतो, आपल्याकडे म्हणजे सस्तन प्राण्यांत ती जागा जुनोची. नुसतं स्ट्रक्चरचं रंगीत चित्र असलेला पेपर आला की विचारा, प्राण्यात काढून बघितलं का?

उंदीर म्हणजे माणूस नाही

प्राणी कोणता हे टायटलमध्ये नसेल तर अॅबस्ट्रॅक्टमध्ये शोधा, तिथेही नसेल तर मेथड्समध्ये. वर एवढं सांगितलेलं अॅडम-३ माणसात चालूच नाही, त्याचं जीन निकामी झालेलं आहे, स्यूडोजीन. त्यामुळे अॅडम-३ वरून माणसाच्या नापिकीचं निदान करता येणार नाही. उलट बाजूने अॅक्रोसिन बघा, उंदरात नसलं तरी चालतं, पण २०२० मध्ये हॅमस्टरमध्ये काढलं तर नर नापीक, स्पर्म झोनातच अडकले. म्हणजे १९९४ चा निकाल बरोबरच होता, फक्त तो उंदराचा निकाल होता. तसंच पीएच-२०, १९८८ मध्ये गिनी पिगना ते टोचून इम्यून केल्यावर नर-माद्या दोघंही नापीक झाले, आणि गर्भनिरोधक लशीबद्दल मोठी आशा निर्माण झाली, पण उंदरात तेच जीन काढल्यावर नर प्रजननक्षम. झोनाची घडणही वेगळी, उंदरात तीन झेडपी प्रोटीनं, माणसात चार, आणि माणसाचा स्पर्म उंदराच्या झोनाला चिकटत नाही.

मात्र झोना काढलेल्या हॅमस्टरच्या एगशी माणसाचा स्पर्म मिसळतो. यानागिमाची यांनी १९७६ मध्ये हे दाखवलं आणि त्यावरून स्पर्मची फ्यूजनची ताकद मोजायची टेस्ट तयार झाली. का मिसळतो हे खूप नंतर कळलं, हॅमस्टरचं जुनो माणसाच्या इझुमो-१ ला धरतं.

माणसाच्या केसमध्ये काय शोधायचं

माणसात जीन काढून बघता येत नाही, त्यामुळे इथे पुरावा केस रिपोर्ट आणि फर्टिलायझेशन न झालेल्या एगच्या निरीक्षणातून येतो. आयव्हीएफमध्ये एकाही एगचं फर्टिलायझेशन झालं नाही आणि वीर्याचा रिपोर्ट नॉर्मल, असा पेपर समोर आला तर ती एग बारकाईने बघितलीत का ते शोधा. झोनाला स्पर्मच चिकटलेले नाहीत, की चिकटलेत पण आत शिरले नाहीत, की झोना ओलांडून आतल्या पोकळीत साठलेत, यावर कुठल्या प्रोटीनवर संशय घ्यायचा ते ठरतं. पोकळीत साठलेले स्पर्म म्हणजे फ्यूजनची अडचण, मग इझुमो-१, स्पाका-६, टीमेम-९५ अशांचं सीक्वेन्सिंग केलंय का बघा. टीमेम-९५ चं उदाहरण तर गुराढोरांतही आहे, २०१४ मध्ये फ्लेकफी जातीच्या बैलांमध्ये या जीनमधल्या बिघाडामुळे नापिकी येते असं सापडलं, वीर्य तपासणीत सगळं ठीक दिसत असताना. नुसता जीनमधला बदल सापडला म्हणून कारण सापडलं असं नाही, तो बदल प्रोटीनला खरंच बिघडवतो हे पेशीत किंवा उंदरात दाखवलेलं हवं, आणि घरातल्या प्रजननक्षम पुरुषांत तोच बदल दोन्ही कॉप्यांमध्ये नाही ना हेही.

मग इक्सी केल्यावर काय झालं ते वाचा. स्पर्म सुईने आत टोचल्यावर एम्ब्रियो बनला तर सरफेसवरचा संशय बळावतो, कारण इक्सीत झोना आणि फ्यूजन दोन्ही टळतात. तरीही एग जागंच झालं नाही तर सरफेसची प्रोटीनं बाजूला ठेवा आणि स्पर्मच्या आतलं पीएलसी-झीटा तपासलंय का ते बघा, एगमध्ये कॅल्शियमच्या लाटा तेच सुरू करतं.